रिकाम्या नांग्या

गोंदिया, १२ डिसेंबर २०२३

ती. बकाराम मामांस,
दुर्गेश्वरीचा नमस्कार.

"ते तुयासाठी नोहोतं पोरी, किड्यासाठी होतं. तू मंधात आली."

हे वाक्य तुम्ही म्हणाला होतात. मी सात वर्षांची होते आणि तुम्ही मला सायकलच्या दांडीवर बसवून आमगावच्या दवाखान्यात नेत होतात. धानाच्या पुंजण्यापाशी, रचून ठेवलेल्या पेंड्यांपाशी, खेळता खेळता मी पेंडीखाली हात घातला होता आणि विंचू डसला होता. त्या दिवसातलं मला फारसं काही आठवत नाही. घामाने भिजलेला फ्रॉक, उलट्या आणि तुमच्या छातीची धडधड. की माझ्या? पण वाक्य राहिलं. आज मी चव्वेचाळीस वर्षांची आहे, कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते आणि गेली सहा वर्षं पीएच.डी.साठी विंचवाच्या विषावर काम करते. खरं सांगायचं तर तुमचं वाक्य बरोबर आहे का, तेच बघते आहे.

तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही आणि मेसेज पाठवला तर तुमच्या सूनबाई, प्रिया वहिनी, तो अख्ख्या तेंदूटोल्याला ऐकू जाईल असा वाचतात, म्हणून हे पत्र.

दिवाळीत आपण पुंजण्याखालून अकरा विंचू काढले. तुमच्या हातात चिमटा, माझ्या हातात डबा. त्यांच्या विषाचं काय झालं ते ऐका. खोडकिड्याची अळी उघडून तिचा एक मज्जातंतू आणि त्याला जोडलेला स्नायू आम्ही मोकळा करतो. मज्जातंतूला विजेचा बारीकसा झटका दिला की निरोप स्नायूपर्यंत जातो, स्नायू एकदा आखडतो आणि पडद्यावर एक लाट उठते. एक निरोप, एक लाट. विषातले घटक वेगवेगळे करून आम्ही त्यांना क्रमांक देतो; मग मी त्यातला अकरावा अंश त्यावर सोडला. झटका एकच दिला. लाटा थांबेचनात.

मज्जातंतूला फार बारीक दारं असतात. निरोप जाताना ती उघडतात आणि लगेच मिटतात. विष दारात पाय रोवून उभं राहतं, दार मिटू देत नाही. मज्जातंतू बिचारा तोच निरोप पुन्हा पुन्हा देत राहतो, स्नायू आखडतच जातो, अळी काठीसारखी ताठ होते. हाच अंश उंदराच्या स्नायूवर सोडला, तर काही नाही. एक निरोप, एक लाट. मामा, तो अंश आपल्यासाठी नव्हताच! तो किड्यांसाठी होता. आपल्याला मारायला त्याच विषात दुसरे अंश आहेत, हे मी विसरलेले नाही.

पण एकाच खेपेच्या विंचवांत दिसलं म्हणजे खरं ठरलं असं आमच्यात चालत नाही. त्याच शेतातले आणखी वीस विंचू हवेत. पाठवाल ना?

तुमची,
दुर्गेश्वरी

—

तेंदूटोला, ता. २१ डिसेंबर

भाची दुर्गाबाईच्या पाया पडतो.

तुयी चिठ्ठी भेटली. वीस इच्चू गावातल्या देवेंद्रच्या हातानं पाठवून राहिलो. तो रोज गाडीनं गोंदियाले राइस मिलमंधी जाते. त्याले सांगतलो का डब्यात मोहाचे फूल आहेत, उघडू नोको. त्यानं हुंगून पाहिला अन् म्हने, मामा, वास तं येत नाही. मी म्हनलो, तुले सर्दी झाली असन.

दाराचं लिवली ते समजलं. आमचा शेजारी शालीकराम तसाच आहे. दारात पाय रोवून उभा राहते, चहा पेल्याबिगर दार लावू देत नाही.

एक विचारतो. इच्चू तू चिमट्यानं धरते का हातानं? दिवाळीले तू हातानं धरली होती. दोन बोटात, शेपटीले. मी सोड सोड म्हनलो तं हसली. त्या दिवसापासून मले जेवन जात नाही. हातमोजे घालत जा. दोन दोन घालत जा.

हे इच्चू चांगले आहेत. भ्याचं काम नाही आता.

बकाराम

—

गोंदिया, १० जानेवारी २०२४

ती. मामांस नमस्कार.

डबा मिळाला. वीसच्या वीस जिवंत, पण सुस्त. चिमट्यानेच धरते, वचन देते. दिवाळीत तुम्हाला घाबरवलं, त्याची आज लाज वाटते. तुमच्यासमोर मी अजून सात वर्षांचीच असते आणि सात वर्षांच्या मुलीला मामाला धीट होऊन दाखवायचं असतं.

एक अडचण आहे. या विंचवांकडून काही मिळत नाही. नांगीतून विष काढताना आधी पाण्यासारखा स्वच्छ थेंब येतो आणि मागून दुधासारखा पांढरा. काम त्या पांढऱ्याचं असतं. या वीस जणांनी नुसतं पाणी दिलं. तेवढ्यावरच प्रयोग करून पाहिला. एक झटका, एक लाट. दहा वेळा केला, दहाही वेळा तेच.

आणखी एक. बऱ्याच जणांच्या नांगीच्या टोकाला पांढरं काहीतरी सुकलेलं होतं. मी ब्रशने धुऊन काढलं. बुरशी असावी, ओल्या जागी राहिल्याने. तुम्ही जागा बदललीत का? की घराजवळचेच धरून पाठवलेत? तसं असेल तर रागावणार नाही, तुमच्या गुडघ्यांचं मला माहीत आहे. पण विंचू त्याच शेतातले हवेत.

आणखी वीस पाठवा. या महिन्यात पाठवलेत तर फार बरं होईल.

दुर्गेश्वरी

—

तेंदूटोला, ता. १९ जानेवारी

भाचीच्या पाया पडतो.

जागा तेच आहे. मी कायले जागा बदलवू? हे अजून वीस घे.

थंडी लय पडून राहिली. मानसंच गोधडीत आखडून बसले तं इच्चूचं काय घेऊन बसली. पांढरा काय आहे मले ठाव नाही. चुना असन.

तुले एक सांगू का? इच्चूच्या जहरानं किडा मरत नाही तं नोको मारू. दुसरा काही शिक. फुलपाखराचं शिक. फुलपाखरू कोनाले डसत नाही. सहा वर्ष झाले, इच्चूत काय ठेवलं आहे?

प्रिया म्हनते, दुर्गाताईले विचारा पापड पाठवू का. मी म्हनलो पाठव. डब्याच्या वरच्या थैलीत आहेत. इच्चूच्या डब्यात नाही, भेऊ नोको.

बकाराम

—

गोंदिया, १४ फेब्रुवारी

ती. मामांस नमस्कार.

पापड उत्तम होते. विंचू नाही.

पुन्हा तेच पाणी. पुन्हा तेच पांढरं सुकलेलं. मी थंडीला दोष दिला, खोलीत हीटर लावला. देवेंद्रवर संशय घेतला, की डबा मिलच्या भट्टीजवळ ठेवतो की काय. त्याला विचारलं तर म्हणाला, "ताई, मोहाच्या फुलाले मी कायले भट्टीजवळ ठेवीन? महुआ है तो पीने के लिए रखूँगा ना." आता त्या बिचाऱ्याला काय सांगू! मग मी स्वतःवरच संशय घेतला. दिवाळीनंतरच्या त्या लाटा मी खरंच पाहिल्या होत्या की पाहाव्याशा वाटल्या म्हणून दिसल्या? तीन दिवस मी जुना आलेख उघडून बसले होते. लाटा तिथे आहेत, मामा. आपण काढलेले अकरा विंचू, एकवीस वेळा केलेला प्रयोग, एकवीस वेळा त्याच लाटा.

सोमवारी भुपेंद्र सरांनी बोलावलं. ते आमचे विभागप्रमुख. टेबलावर एक कागद तयार ठेवला होता. म्हणाले, "मॅडम, एक बार चमत्कार हो गया. दोबारा नहीं हो रहा. एक लाइन लिख दीजिए, मापन में त्रुटि. सब की इज़्ज़त बच जाएगी."

मी विचारलं, "आणि नाही लिहिलं तर?"

तर सात मार्चला समितीसमोर प्रयोग पुन्हा करून दाखवायचा. नव्याने धरलेले विंचू, पकडणाऱ्याच्या सहीचा सीलबंद डबा. लाटा दिसल्या नाहीत तर निकाल खोटा अशी नोंद होईल, माझी नोंदणी रद्द होईल, सहा वर्षं जातील.

सरांनी पेन पुढे केलं. त्यांच्या बोलण्यात खोट नव्हती, ते खरंच मला वाचवायला बघत होते. म्हणून जास्त राग आला. मी पेनाला टोपण लावलं आणि परत दिलं. "नहीं लिखूँगी, सर. मैंने देखा है."  आवाज नाही थरथरला, हे तुम्हाला मुद्दाम सांगते.

आयुष्यात मी बऱ्याच कागदांवर निमूट सह्या केल्या आहेत. यावर करणार नाही.

सगळं त्या डब्यावर आलं आहे. मामा, तुमच्याकडून डबा निघतो तेव्हा काय होतं? कुठे ठेवता, किती वेळ? काहीही आठवत असेल, कितीही लहान, ते लिहा.

दुर्गेश्वरी

—

तेंदूटोला, ता. २२ फेब्रुवारी

भाची दुर्गाबाईच्या पाया पडतो. आज दोनदा पडतो.

तो पांढरा बुरशी नोहोय. चुना बी नोहोय. तांदळाचा पीठ होय. मीच लावलो.

दिवाळीनंतर दोन डबे पाठवलो. त्यातला एक एक इच्चू चिमट्यात धरलो अन् पिठाच्या गोळ्यात टोचवलो. दहा दहा, पंधरा पंधरा वेळा. पयले चिडून टोचत होते. मंग थकले. नांगी नुसती हालत होती, पानी बी निघत नोहोतं. तवा डब्यात टाकलो अन् त्याच सकाळी देवेंद्रजवळ देलो. गोळा खड्डा करून पुरलो, कोंबड्या खातील म्हनून. प्रियानं विचारला, मामाजी, पिठाचं काय करून राहिले? मी म्हनलो, मुंग्याले टाकतो.

रिकामी नांगी तुले डसली तरी भेव नाही, असा मी विचार केलो. तुया कामाले तेच जहर पाहिजे हे मले ठाव होतं. खोटं कायले बोलू? पन मले वाटलं, दोनदा झालं नाही तं तू सोडून देशीन. फुलपाखराचं शिकशीन.

अजून एक आहे. तू लिवली का खेळता खेळता पेंडीखाली हात घातली. नाही. तू खेळत नोहोती. मी तुले म्हनलो, दुर्गा, ते खालची पेंडी ओढून आन. मायी कंबर धरली होती. मी बिडी पेत उभा होतो अन् सात वर्षाच्या लेकराले पाठवलो. तुया मायले मी सांगतलो का पोरगी खेळत होती. रुख्मा गेली, तिले खरं सांगाचं राहून गेलं. तुले तेच आठवते जे मी तिले सांगतलो. सायकलवर तू बर्फासारखी थंडी पडली होती. मी तुयासंगं बोलत होतो का तुया डोळा लागू नये. काय बोललो मले आठवत नाही. ते वाक्य मी बोललो असन तं भेवानं बोललो. मले काय ठाव होतं इच्चूचं जहर कोनासाठी असते!

आपल्याकडे मामा भाचीच्या पाया पडते. ज्या हातानं तुये पाय धरतो, त्या हातानं जहराचा डबा भरून तुले पाठवू? एकदा ह्याच तोंडानं तुले इच्चूजवळ पाठवलो. दुसऱ्यांदा नाही.

तुया साहेबाले सांग का चूक बकारामची आहे. कागद पाठव, मी लिहून देतो. अंगठा नाही, सही करतो. सातवी पास आहे मी. समितीले लिवून देतो, पंचायतीत उभा राहून सांगतो.

पन भरल्या नांगीचा एक बी इच्चू माया हातानं येनार नाही. हे कोनी बी आलं तरी बदलनार नाही. तू आली तरी नाही.

बकाराम

—

गोंदिया, २६ फेब्रुवारी

ती. मामांस,

पत्र प्रयोगशाळेत उभ्यानेच वाचलं. आधी राग आला. इतका, की मी पत्राची घडी घातली, उघडली, पुन्हा घातली. दोन महिने मी माझ्या डोळ्यांवर, माझ्या हातांवर संशय घेतला मामा. इकडे मी ब्रशने पीठ धूत होते आणि तिकडे तुम्हाला माहीत होतं. हे मी हसून सोडून देणार नाही. तुम्ही मला फसवलंत.

मग मला तुम्ही दिसलात. अंगणात उकिडवे, दुखरे गुडघे घेऊन, समोर पिठाचा गोळा, चिमट्यात विंचू आणि तुम्ही मोजताय, नऊ, दहा, अकरा. चाळीस विंचू. एखादा तुम्हालाच डसला असता तर? हा विचार तुम्हाला शिवला तरी का?

आणि मग, फार उशिराने, माझ्यातली शिक्षिका जागी झाली. दिवाळीतल्या भरलेल्या नांग्या, लाटा. तुम्ही रिकाम्या केलेल्या नांग्या, एका झटक्याला एकच लाट. त्याच शेतातले विंचू, तीच अळी, तेच यंत्र, तेच माझे हात. म्हणजे दिवाळीत जे दिसलं ते विषामुळेच दिसलं, यंत्राच्या चुकीने नाही. माझ्या कामात ही तुलना कुठेच नव्हती. ती तुम्ही करून दिलीत, तांदळाच्या पिठाने.

पत्र घेऊन मी भुपेंद्र सरांकडे गेले. त्यांनी तुमचं पत्र पूर्ण वाचलं, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "मामा-भांजी की कहानी अच्छी है मॅडम. लेकिन कमिटी कहानी नहीं देखती, ग्राफ देखती है." मी म्हणाले, "तो ग्राफ ही दिखाऊँगी." तो कागद अजून त्यांच्या टेबलावर होता. मी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

आता त्या पेंडीबद्दल.

मला खेळणंच आठवतं. तुम्ही लिहिल्यावरही खेळणंच आठवतं, पुंजण्याचा पिवळा उजेड आणि पायाला टोचणारा पेंढा. पण तुमचं खरं असणार, कारण खोटं बोलून तुम्हाला यात काही मिळत नाही. मी काल रात्रभर माझ्या मनात तुमच्यावरचा राग शोधला. पिठाबद्दलचा सापडला, भरपूर सापडला. पेंडीबद्दलचा नाही सापडला. सात वर्षांच्या मुलींना घरचे पेंडी आणायला सांगतातच. तुम्ही सदतीस वर्षं ती पेंडी एकट्याने उचलून धरली आहे. आईला सांगायचं राहिलं, तर मला सांगितलंत, पोचलं. आता खाली ठेवा.

पण तुमच्या त्या पेंडीपायी मी माझं काम खाली ठेवणार नाही. तुमचं भय खरं आहे, म्हणून ते माझ्या सहा वर्षांपेक्षा मोठं होत नाही. मी विंचवाला घाबरत नाही असं नाही. घाबरते. म्हणून चिमटा वापरते, जाड हातमोजे वापरते, एकटी कधी काम करत नाही, आणि इथल्या डॉक्टरांशी बोलून विंचवाच्या विषावरची लस आणि गोळ्यांची सोय करून ठेवली आहे. घाबरलेल्या माणसानेही आपलं काम करायचं असतं. त्या दिवशी घाबरून तुम्ही सायकल चालवली नव्हती का?

माझ्याकडचे विंचू उपयोगाचे नाहीत. हाती लागेल तेवढं काढून पाहण्याच्या नादात मी त्यांना आणखी रिकामं केलं आहे, आणि नांगी पुन्हा भरायला दोन-तीन आठवडे लागतात. हातात दहा दिवस आहेत. समिती सात तारखेला येते आणि दुसऱ्या दिवशी महाशिवरात्र, सगळे नागऱ्याच्या महादेवाला जाणार. तारीख पुढे सरकणार नाही, मी विचारून पाहिलं. पुंजणी मळून झाली असतील. आता विंचू बांधावरच्या दगडांत गेले असणार, आणि कुठला दगड उचलायचा हे तेंदूटोल्यात तुमच्याशिवाय कोणाला ठाऊक नाही. मी स्वतः येऊन हात घालू शकते. पण तुम्ही तेव्हा बांधावर येऊन उभे राहाल, तुमचा जीव वरखाली होईल, आणि ते मी तुम्हाला धमकी दिल्यासारखं होईल. धमकी देऊन मला डबा नको. आणि भाचीचा शब्द मामाने मोडायचा नसतो, हेही मी इथे काढत नाही. काढलं तर तुम्ही डबा पाठवाल, पण पाया पडल्यासारखा पाठवाल. मला तसाही नको.

मला तो तुम्ही पटून पाठवायला हवा. म्हणून एकच गोष्ट लिहिते.

"ते तुयासाठी नोहोतं पोरी, किड्यासाठी होतं. तू मंधात आली." तुम्ही भीतीने बोललात म्हणता. पण बोललात ते खरं होतं, आणि ते खरं आहे हे पाहिलेली बाई आज तुम्हाला लिहिते आहे. ते विष अजूनही माझ्यासाठी नाही. त्या अळीसाठी आहे. फक्त या वेळी मधे मी आलेली नाही, मामा. तुम्ही आला आहात.

देवेंद्र शनिवारी सकाळी रिकामा डबा घेऊन तुमच्या दारात येईल. त्याला खरं सांगितलं आहे. आधी तीन पावलं मागे सरकला, मग म्हणाला, "इतने दिन मैं गोदी में लेके बैठा था!" तरीही येतो म्हणाला आहे. डब्यात वाळू आहे, खापराचे तुकडे आहेत आणि सहीसाठी एक चिठ्ठी आहे. तिच्यावर तुमचं नाव मी लिहिलेलं नाही, ते तुम्ही लिहायचं.

वीस विंचू पाठवा. भरलेले. पिठाला न टोचवता. तुमचं उत्तर 'नाही' असंच असणार हे मला माहीत आहे, तुम्ही ते आधीच लिहून ठेवलं आहे. तरीही मागते.

तुमची भाची,
दुर्गेश्वरी